चांदणीवाला दीर

“भावजी, मुहूर्त चाललाय! पोरीला खाली आनता का नाय?”

वहिनी मंडपातून ओरडल्या आणि द्रुतगती मार्गावरचे चार-पाच ट्रक घाबरून कडेला लागले. पनवेलजवळचं आमचं कोन गाव रस्त्याला लागूनच आहे, आणि वहिनींचा आवाज उरणच्या खाडीपर्यंत जातो. भटजींनी बजावलं होतं, ही वेळ हुकली तर आज लग्न नाही.

वरच्या मजल्यावर मात्र नवरीची आई दारात आडवी उभी. पुतण्याने बेलग्रेडहून नवरी आणलेली. तिकडे नवऱ्याचा भाऊ नवरीचा हात धरून तिला घराबाहेर काढतो, तो आल्याशिवाय मुलगी उंबरा ओलांडत नाही. त्याला म्हणतात ‘देवेर’. आणि आमचा पुतण्या एकुलता एक!

निवृत्तीनंतर मी जुन्या स्लाव्ह भाषा, म्हणजे रशियन-सर्बियनच्या आज्या-पणज्या, हुंगत बसतो. घरचे मला माळ्यावरच्या सामानात धरतात. आज माळ्याचे दिवस फिरले. मी जिन्यातच बैठक मारली आणि रशियन, संस्कृत व हातवारे यांची मिसळ करून विहीणबाईंना सुनावलं, “अहो, हा तर आमचा दीर! संस्कृतातला देवृ. तुमच्या पूर्वजांचा ‘देवेरि’, शेवटचा इ इतका ऱ्हस्व, की उच्चारेपर्यंत संपतो.”

विहीणबाई काही बोलू लागल्या. मी हातानेच थांबवलं. भाषापंडित त्या शब्दाच्या डोक्यावर चांदणी (*) काढतात, हे सांगायचं अजून राहिलं होतं. म्हणजे तो कुठेही लिहिलेला सापडलेला नाही. आजच्या भाषांतल्या नातवंड-शब्दांचे तोंडावळे बघून आजोबा ठरवलाय.

“भावजीऽऽ!” खालून.

“आलो! तर बाई, मुळात हा पितृ, मातृ यांच्या पंगतीतला, र-वर संपणारा. स्लाव्हांकडे गेल्यावर उठला आणि इकारान्त पुल्लिंगी नामांच्या पंगतीत जाऊन बसला. नामाला जर पंगत बदलता येते, तर मला का नाही? मी नवऱ्याचा काका. आजच्यापुरता भाऊ!”

विहीणबाई पुन्हा काही सांगू गेल्या, पण मी उठलेला बघून दारातून बाजूला झाल्या. मी नवरीचा हात धरून असा उतरलो, की जिना दोन्ही बाजूंनी रुंद झाला. अंतरपाट धरलेलाच होता. मुहूर्त गाठला.

“बघा वहिनी,” मी मंडपभर ऐकू जाईल असं म्हणालो, “व्याकरणाने लग्न लावलं!”

पनवेलच्या भाजीवाल्यांशी घासाघीस करण्याइतकं मराठी शिकलेली नवरी मुंडावळ्या सरळ करत म्हणाली,

“काका, नवऱ्याला भाऊ नसला तर त्याच्या घरातला कोणीही चालतो. आई सकाळपासून तेच सांगतेय.”