जाड रेषेतल्या लाटा

परवा साखर कारखान्यातल्या नव्या कॉम्प्युटरवर आठवड्याभराचा वाफेच्या दाबाचा आलेख वीतभर जागेत दाबून बसवलेला पाहिला. ती जाड रेषा दिसली आणि एकाहत्तर-बाहत्तरच्या गळीत हंगामातला मळीचा अन् शाईचा वास आठवला.

तेव्हा देवळालीकडच्या आमच्या कारखान्यात सावकाश सरकणाऱ्या कागदावर लाल पेन दाबाची रेषा काढायचं. एके दिवशी ती काजळ फासल्यासारखी जाड उमटली. "दाब सारखा वरखाली होतोय. बॉयलरवरचा सखाराम डुलक्या घेत असणार," मी मॅनेजरांच्या कानात सांगितलं. त्यांनी त्याला बोलावून घरी जायला सांगितलं.

"साहेब, देवाशपथ, जागाच हुतो."

आमचे इंजिनिअर गायकवाडसाहेब उठले. गिअर बदलून त्यांनी कागदाचा वेग वाढवला. आता जाड रेषेच्या जागी सुट्या, एकसारख्या लाटा उमटू लागल्या.

"सखाराम तर इथं उभाय," ते हसले, "मग तिकडं कोण डुलतंय? इतक्या एकसारख्या लाटा माणसाच्या नसतात. बॉयलरला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह अडकतोय."

व्हॉल्व्ह खोलला, तर खरंच अडकत होता. मॅनेजरांच्या कानात कोण बोललं हे ठाऊक असूनही साहेब माझ्याकडे हात करून सखारामला म्हणाले, "आम्ही दोघांनी शोधलं."

सखारामनं आधी माझेच हात धरले. मी ते धरू दिले. आज सांगतो, सखाराम, शोधलं ते एकट्या साहेबांनी. तुला घरी पाठवत होतो, तो मी.