गाडी माघारी वळते ते पान

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही रेश्माला ओळखत नाही — म्हणजे इथंही सोपी वाटच धरली की काय मी?

रेश्मा माझी एम.ए.ची मैत्रीण. सणसरची, वडिलांचं कापडाचं दुकान. मी बारामतीत कॉलेजात मराठी शिकवते. कादंबरी मी लिहिणार, असं सगळे धरून चालले होते — मीसुद्धा. लिहिली तिनं, ऊसतोडणीवर. वर त्या कादंबरीवर सिनेमाही निघाला. माझा नुसता जळफळाट झाला. स्टाफरूममध्ये पेढे मात्र मीच वाटले.

तो सिनेमा आमच्या कॉलेजात दाखवला. नंतर मी बोलायचं होतं — त्याचे तीन अंक उलगडून. मुलं साखर कारखान्याच्या भागातली, म्हणून म्हटलं, पहिल्या अंकात उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू होतो, दुसरा म्हणजे गळीत, ऊस गाळणं, तिसऱ्यात पट्टा पडतो, हंगाम संपतो. मुलं हसली, रंगली. तिथंच थांबले असते तर?

सिनेमाच्या ऐन मध्यावर तोडणीवाली सुंदरा उसानं भरलेली बैलगाडी कारखान्याच्या दारातून माघारी वळवते — खोपीत तापानं फणफणलेल्या पोरीसाठी. तिथून गोष्टच फिरते. फळ्यावर तीन अंकांची रेघ ओढली होती, तिच्यावर मी तिथं गोल केला आणि म्हटलं, "हा प्रसंग कादंबरीत नाही. तिथं दुसरा अंक नुसता रेंगाळतो. दिग्दर्शकानं हा घातला, म्हणून सिनेमा उभा राहिला."

खोटं. धडधडीत खोटं. तो प्रसंग कादंबरीत जसाच्या तसा आहे. छापायच्या आधी तिच्या ओट्यावर बसून मीच वाचला होता. मुलांनी पुस्तक वाचलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. पहिल्या रांगेत बसलेली रेश्मा मला चारचौघांत खोडणार नाही — हेही ठाऊक होतं. मैत्रीचा असा उपयोग करतं का कुणी? मी केला. आणि बरं वाटलं मला.

दाराशी तिच्या पुस्तकांचं टेबल मांडलं होतं. सिनेमाच भारी, म्हणत पोरं पुढून निघून गेली. एकही प्रत खपली नाही. गठ्ठा स्कूटीला बांधताना दोरीचं एक टोक मी धरलं होतं. गाठ मारता मारता ती म्हणाली, "सुनंदे, गाडी वळती ते पान तूच पयल्यांदा वाचलं व्हतंस न्हवं? रडली व्हतीस तू."

मी म्हणाले, आठवत नाही.

तिनं गाठ आवळली, माझ्या हातातून दोरी सोडवून घेतली आणि सणसरला गेली.

मला आठवत होतं. पान भिजू नये म्हणून तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं होतं.