आत्या आणि मी, घरी एकट्या

मला माणसांचा राग नाही. पण चार माणसं जमली की मी दमते. लासुर्ण्याच्या आमच्या घरात ही गोष्ट सांगायला अवघड. सकाळी चूल पेटायच्या आधी कुणीतरी चहाला आलेलं असतं आणि दाराला कडी दिवसा लागतच नाही.

लग्न झालं तेव्हा पहिल्या वर्षी एका साखरपुड्याला जायचं टाळायला मी डोकं दुखतंय म्हणाले. झालं भलतंच. मोठ्या जाऊबाई बाम घेऊन उशाशी बसल्या, शेजारच्या दोघीजणी काढा घेऊन आल्या आणि मी निजलेय असं समजून तिघी माझ्या अंगावरून गप्पा मारत राहिल्या. तेव्हापासून मी आजारपणाची सबब सोडून दिली.

गेल्या साली बारामतीला नात्यातलं लग्न होतं. दारात गाड्या उभ्या, सगळे नटलेले. मी सरळ सांगून टाकलं, “मला आज घरी एकटीला राहायचंय.”

“का? कोण काय बोललं का?” नवऱ्याने विचारलं.

“कोणी नाही. राहावंसं वाटतंय, एवढंच.”

“रुसली हाय ती,” जाऊबाई म्हणाल्या.

तेवढ्यात माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, गाडीतून खाली उतरल्या. “तुमी जावा. मी बी ऱ्हाती हिच्यासंगं.”

माझं तोंड उतरलं. आत्या म्हणजे गावभर ओळखी, बोलणं अखंड. गाड्या उसाच्या आड दिसेनाशा होईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग वळून म्हणाल्या, “आता तू तिकडं, मी हिकडं. भूक लागंस्तवर मला हाक मारू नगं.”

मी बघतच राहिले.

“बघतीस काय? या घरात आल्यापास्नं एकटीनं बसाय मिळालंय का मला कधी? आलं-गेलं बघायचं, बोलायचं. न्हाय बोललं तर लोक म्हणत्यात, म्हातारी फुगली.”

त्या खुर्ची उचलून घरामागच्या आंब्याखाली गेल्या. मी सावकाश न्हायले, ओले केस मोकळे सोडून व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसले. मध्येच उठून ओट्याशी उभ्या उभ्या शिळी भाकरी आणि ठेचा खाल्ला. खिडकीतून दिसलं, आत्या लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. काहीतरी गुणगुणत होत्या. मी खिडकीतून बाजूला झाले.

दुपारी त्यांनीच हाक मारली. पिठलं-भात आम्ही न बोलता जेवलो आणि पुन्हा आपापल्या जागी गेलो.

संध्याकाळी मंडळी परतली. जाऊबाईंनी काळजीने विचारलं, “कंटाळला असाल की ओ दोघी?”

“लई,” आत्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर दोन-तीन कार्यं आम्ही अशीच चुकवली. आत्या पुढं होऊन सांगतात, “हिला एकटीला कसं ठिवायचं?” आणि कुणाला ते खोटं वाटत नाही.

गेल्या महिन्यात इंदापूरच्या लग्नाची पत्रिका आली. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, म्हणाले, “लई दगदग हुती. या खेपेला मी बी हितंच ऱ्हातो.”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आत्यांनी लगेच त्यांचं नवं धोतर बाहेर काढलं, मी त्यांचा फेटा इस्त्रीला घेतला आणि लग्नाच्या दिवशी मामांना आम्ही गाडीत पुढच्या सीटवर बसवून दिलं.