बोटं दाखव

"बोटं दाखव," प्राचार्य म्हणाले.

मी दाखवली. दोन्ही हात पुढे. समोर पुण्याहून आलेले तीन पाहुणे, कॉलेजला देणगी देणारे. त्यांतल्या बाईंनी चष्मा लावला आणि हात न लावता, वाकून बघितलं. उजवा अंगठा आणि तर्जनी तंबाखूनं तपकिरी. करंगळीवर दोऱ्याचे काप. मग मला इंग्रजीत पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी बोलले. निपाणी, आमची बौद्धांची गल्ली, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणारी विधवा आई, शाळेला जाण्याआधी मी वळलेल्या बिड्या. बाईंचे डोळे भरले. टाळ्या झाल्या. मी सतरा वर्षांची होते.

नातवंडांनो, ती पहिली टाळी मला गोड लागली. लपवत नाही.

आता कॉलेजचं नीट सांगते, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या रस्त्यावर, एका वकिलांनी आपल्या आंब्याच्या बागेत ते काढलं. कागदावर छोटं खासगी कला महाविद्यालय. आम्ही त्याला विद्यापीठच म्हणायचो. नोकरीसाठी शिकू नका, माणूस व्हायला शिका, असं ते वकील सांगत. म्हणून इतिहास घेणाऱ्यालाही तत्त्वज्ञान आणि गाणं सक्तीचं. ग्रंथालयातल्या कपाटांना कुलूप नव्हतं. मराठी आणि कानडी घरांतली मुलं एका बाकावर बसत. शिक्षक आमच्या पंगतीत जेवत. माझं ताट तिथं कुणी कधी वेगळं ठेवलं नाही. हे सगळं खरं आहे.

आणि शनिवारची सभा होती. प्रत्येकानं उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, विषय आपला. या प्रथेचा कॉलेजला फार अभिमान. डॉक्टरांचा मुलगा ताऱ्यांवर बोले. खानापूरच्या इनामदारांची मुलगी चित्रांवर. एकदा मी एका इंग्रजी कादंबरीवर बोलायला उभी राहिले. प्राचार्य मायेनं म्हणाले, "ते बाकीचे बोलतील. तू तुझं बोल."

माझं म्हणजे बिडी.

माझं शिक्षण फुकट, जेवण फुकट, खोली फुकट. नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं?

वसतिगृहात राहून डाग गेले. दुसऱ्या वर्षी नवे पाहुणे आले, मी हात पुढे केले, बोटं स्वच्छ. सगळे जरा ओशाळले. प्राचार्य हसून म्हणाले, "आली तेव्हा बघायला हवी होती." त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेले आणि आई नको म्हणत असताना दिवसभर बिड्या वळल्या. डाग घेऊन परत आले. मुद्दाम. माझ्या आयुष्यातली हीच गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

धारवाडहून एम.ए. झाले आणि त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. नेमणूक तात्पुरती. दर जूनमध्ये नवी ऑर्डर. सात वर्षं. पुढच्या वर्षी नक्की कायम करू, असं प्राचार्य दर वर्षी सांगत. पाहुणे येत राहिले. मीही उभी राहत राहिले, आता साडीत.

मग रौप्यमहोत्सव आला. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, आईंना आणा, मंचावर बसून थोड्या बिड्या वळू देत, शेजारी तुम्ही इंग्रजीत भाषण करा. पंचवीस वर्षांत आपण काय घडवलं ते लोकांना एका नजरेत कळेल. समारंभ झाला की कायमची ऑर्डर.

मी "हो सर" म्हणाले. आईला निम्मंच सांगितलं. तुझा सत्कार आहे, एवढंच.

आई निपाणीहून पहिल्या बसनं आली. नवी इरकल साडी. पायात शेजारणीच्या चपला. मंचालगतच्या खोलीत प्राचार्यांनी तिला वाकून नमस्कार केला, मग साडीकडे पाहिलं. "छान आहे. पण आज रोजचं नेसून आल्या असत्या तर बरं झालं असतं."

दारातून मंच दिसत होता. चटई. चटईवर बाजारातून आणलेलं कोरं सूप. पानं, तंबाखू, दोरा.

आईनं ते बघितलं. मग माझ्याकडं.

"हितं बिडी कोण वढतंय गं?"

"कुणी नाही."

"मग वळू कुणासाठनं?"

तिनं पदर खोचला. "बसते. तुझी नोकरी ऱ्हाऊ दे." शेजारणीच्या चपला तिनं भिंतीला लावून ठेवल्या आणि अनवाणी निघाली.

मी तिच्या पुढं गेले. भरल्या सभागृहासमोर सूप उचललं, आत आणलं, प्राचार्यांच्या हातात दिलं.

"सर, आई पहिल्या रांगेत बसेल. वळणार नाही. आणि मी माझी गोष्ट आता सांगणार नाही."

"ऑर्डरवर सही व्हायचीय," ते म्हणाले. आवाज तोच, मायेचा.

"माहीत आहे."

पहिली रांग भरलेली होती. आम्ही बाहेर पडलो. फाटकापाशी आई थांबली. मग म्हणाली, "मला इचारलंस का? सात वर्सं घालवलीस. घटकाभर बसल्यानं काय झिजत हुतं माझं?" तिला माझं वागणं पटलं नाही. मरेपर्यंत पटलं नाही. पण त्याआधी कित्येक वर्षं मी तिला न विचारताच विकत होते, हे तिला कधी कळलं नाही, आणि सांगायचं धैर्य मला झालं नाही.

जूनमध्ये ऑर्डर आली नाही. मी काकतीच्या हायस्कुलात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

कॉलेजच्या इतिहासाच्या पुस्तकात माझा फोटो आहे. सतरा वर्षांची, हात पुढे केलेले. खाली नाव नाही. 'संस्थेनं घडवलेली मुलगी', एवढंच.

आता तुमच्यातल्या थोरलीनं कळवलंय, तिकडं परदेशात तसंच एक छोटं कॉलेज आहे, प्रवेशाच्या अर्जात घराण्यानं काय सोसलं ते लिहायला सांगतात, तर पणजीच्या बिड्यांवर लिहू का?

नाही.

हे तू वाच. धाकट्याला वाचून दाखव. पाठ कर हवं तर. अर्जात तुला ताऱ्यांवर लिहायचं असेल तर ताऱ्यांवर लिही, आणि तेवढ्यावर ते घेत नसतील तर दुसरं कॉलेज बघ. कुणाच्या दारात आत शिरण्यासाठी माझ्या आईची बोटं पुढं करायची नाहीत. मी केली होती. आपल्या घरात ते माझ्यापाशी संपलं.