चक थांबेपर्यंत

मी कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले त्या वर्षी कारखान्याला ऊसच नव्हता. हंगामात जिथं उसाच्या गाड्या रांगेनं उभ्या राहायच्या त्या यार्डात चारा छावणी उघडली होती. दावणीची जनावरं दिवसभर हंबरायची. चिमणीतून धूर निघत नव्हता आणि निघेल असं कुणाला वाटतही नव्हतं. वर्कशॉपात मात्र दरवर्षीसारखी दुरुस्ती चालू होती. जी मशिनरी चालणारच नव्हती ती आम्ही घासूनपुसून, तेल घालून तयार ठेवत होतो. पहिल्याच दिवशी ते बघून मला भीती वाटली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, त्याची जास्त भीती वाटली.

लोक बोलायचे ते फक्त यादीबद्दल. संचालक मंडळ माणसं कमी करणार, ज्यांचं शरीर साथ देत नाही त्यांची नावं आधी लागणार, असं कानावर यायचं. यादी अजून लागली नव्हती, तरी येता-जाता सगळे नोटीस बोर्डाकडं बघायचे.

मी दिंद्रुडची. वडील शाळेत शिपाई, आई रोजानं शेतात जाणारी. आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड घेतला तेव्हा आमच्या वस्तीत माझं हसं झालं होतं. पोरगी शिवणकाम शिकायचं सोडून लोखंड कापणार म्हणे! मी मुळातच हट्टी, त्यात जीभ तिखट. हसणाऱ्यांना तिथल्या तिथं उत्तरं दिली आणि एकोणिसाव्या वर्षी, वर्षभर काम शिकायची चिठ्ठी घेऊन, त्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले.

मला ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. कारखान्यात लोखंड तासायचा लेथ आला त्याच वर्षी तेही आले होते. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी दाढी, आणि हात मात्र तिशीतल्या माणसाचे.

"बांगड्या हायेत का हातात?" त्यांनी विचारलं.

"न्हाईत."

"वेणी?"

"वर बांधलीय."

"वढणी काढून ठिव. चकात गुतली तर मुंडकं घिऊन जाईल."

चक म्हणजे लेथचा गोल जबडा. त्यात लोखंड आवळून धरतात आणि तो गरगर फिरतो. उस्तादांनी हे सगळं माझ्याकडं न बघता विचारलं. मला वाटलं, म्हातारा सज्जन आहे, परक्या पोरीकडं डोळा वर करून बघत नाही. किती मूर्ख होते मी!

महिनाभर त्यांनी मला लेथला हात लावू दिला नाही. "कागद वाच", "माप वाच", एवढंच. मी ड्रॉइंगवरचे आकडे मोठ्यानं वाचायचे, व्हर्निअर लावून माप सांगायचे. ते मान हलवून हँडल फिरवायचे. कट संपला की मशीन बंद करायचे आणि चक थांबला की तासलेल्या लोखंडावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. "हितं रेघ हाय," म्हणायचे, आणि तिथं रेघ असायची. मला ती उजेडात धरूनही मुश्किलीनं दिसायची. मी मनातून जळायचे. आयटीआयमध्ये कुणी शिकवलं नाही ते या माणसाच्या नखात होतं, आणि मला मात्र पहिलीतल्या पोरासारखं आकडे म्हणायला लावत होता.

एके दिवशी माझा ताबा सुटला. "तुमीच बगा की जरा," म्हणत मी ड्रॉइंग त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी कागद चष्म्यापाशी नेला, बराच वेळ बघितला.

"हां, बराबर हाय. असंच करायचं."

कागद उलटा होता. मला आधी हसू आलं. मग ते तिथंच गोठलं.

त्या दिवसापासून मी लेथऐवजी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. पाना नेहमी त्याच खिळ्याला. दारापासून लेथपर्यंतची पावलं रोज तेवढीच. डब्यातली भाकरी ते आधी चाचपायचे. समोरून कुणी आलं तर तो बोलेपर्यंत हे बोलायचे नाहीत. आणि चक थांबला की नाही, हे ते कानानं ओळखायचे.

लेथच्या शेजारी शेपर होता, मागंपुढं धाव घेत लोखंड तासणारं मशीन. तो चालू असला की त्याच्या खाडखाडीत ओरडल्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. एका दुपारी शेपर चालू असताना उस्तादांनी लेथ बंद केला. लेथ जुना, बंद केल्यावरही चक थोडा वेळ फिरत राहायचा. त्यांनी नख पुढं केलं.

"उस्ताद! फिरतंय अजून!"

हात जागच्या जागी थबकला. चकाचे जबडे त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर आणखी दोन-चार फेरे घेऊन थांबले. शेपर थांबल्यावर ते माझ्याकडं वळले, तेही थोडं बाजूला बघत.

"कळलं व्हय तुला?"

"व्हय."

"काचबिंदू हाय. डाक्टर म्हनला, गेल्याली नजर माघारी येत न्हाई. हाय ती बी चाललीय." त्यांनी आवाज खाली आणला. "दीड वरीस ऱ्हायलंय माजं रिटायर व्हायला. आत्ता घरी बसवलं तर ह्या हातांचं काय करू मी? कुनाला सांगू नगंस."

नाही सांगणार, म्हणाले मी.

दुसऱ्या दिवशीपासून, काही न ठरवता, आमची एक रीत पडली. ते मशीन बंद करायचे आणि हात अर्ध्यावर आणून धरायचे. चक पुरता थांबला की मी म्हणायचे, "थांबलं." मगच हात पुढं जायचा. दिवसातून पन्नासदा हे व्हायचं. बाकीच्यांना वाटायचं, उस्ताद पोरीला शिस्त लावतायत.

त्यानंतर त्यांनी मला खरं शिकवायला घेतलं. टूलला धार कशी लावायची, लोखंडाचा कीस कुठल्या रंगाचा पडला की वेग कमी करायचा, सगळं. आणि कॅलिपर. कॅलिपर म्हणजे दोन वाकड्या पायांचा चिमटा, त्यावर आकडाच नसतो. बेअरिंगच्या भोकाला लावून बघायचा, मग त्यात बसायच्या दांड्याला, शाफ्टला, लावायचा, आणि पाय किती अडतात ते हातानं ओळखायचं. "आकडा इसर," ते म्हणायचे, "बोटाला इचार." मला ते आजवर त्यांच्याइतकं जमलेलं नाही.

मी खूश होते आणि मला सतत भीती वाटायची. घरी तव्याकडं हात नेतानाही मी मनातल्या मनात थांबलं म्हणायचे. ते कधीतरी घाई करतील, कधीतरी माझं लक्ष दुसरीकडं असेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता. एकदा नाक शिंकरायला मी वळले आणि परत बघते तर हात अर्ध्यावर तसाच, माझी वाट बघत. माझा इतका भरवसा आजवर कुणीच धरला नव्हता, आणि मला तो नको झाला होता.

मग चीफ साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कारखान्याचे मुख्य इंजिनिअर ते, माणूस शांत. टेबलावर एक कागद उपडा ठेवला होता. तो यादीचाच होता हे मला न सांगता कळलं.

"उस्तादांच्या डोळ्यांबद्दल लोक बोलतात," ते म्हणाले. "तू दिवसभर शेजारी असतेस. त्यांना नीट दिसतं का?"

"दिसतं की, साहेब. उलट माझ्याच चुका काढतात."

साहेब हसले आणि जा म्हणाले. मी तरंगतच बाहेर आले. जिभेच्या तिखटपणाचा पहिल्यांदाच कुणालातरी उपयोग झाला होता. उस्तादांना ते सांगितलं. संध्याकाळी सुटताना खिशातला गुळाचा खडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

आठवड्यात यादी लागली. उस्तादांचं नाव नव्हतं. त्या पौर्णिमेला विहारात आईशेजारी बसून पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी माझा आवाज अडला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी मनाशी म्हटलं, एका माणसाचं भलं झालं, त्यात काय बिघडलं? काय बिघडू शकतं ते मला पक्कं माहीत होतं. रोज पन्नासदा ते माझ्या डोळ्यांसमोर फिरत होतं.

उन्हाळा चढला तसं धरणाचं पाणी मागं मागं सरकलं. उरलेल्या डबक्यापर्यंत चर खोदून कारखान्याचा पंप पाणी ओढायचा. कॉलनी, छावणी आणि खालच्या दोन वाड्या, सगळे त्यावरच होते. ऐन वैशाखात त्या पंपाचा शाफ्ट झिजला आणि पंप बंद पडला. नवा शाफ्ट आमच्याच लेथवर करायचा ठरला. पहिल्या दिवशी आम्ही वरवरचं तासून घेतलं. बेअरिंग बसतं ती जागा राहिली. सगळं काम त्या मापावर होतं.

"उद्या बेअरिंगची बैठक काढू," उस्ताद म्हणाले. "येळंवर ये."

"येते."

रात्रीतून आईला ताप भरला. वडील शाळेच्या कामाला बीडला गेलेले. वस्तीत टँकर सकाळी सहाला यायचा, तो त्या दिवशी आलाच नाही. मी हांडे घेऊन रांगेत उभी. सात वाजले, आठ वाजले. घरात तांब्याभर पाणी होतं आणि आई सारखं पाणी मागत होती. तीनदा वाटलं, रांग सोडावी आणि पळत सुटावं. साडेनऊला टँकर आला. हांडे भरले, आईच्या कपाळावर पट्टी ठेवली, शेजारणीला बसवलं आणि मिळेल ती जीप धरून निघाले. कारखान्यात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

शेडमध्ये शिरताना छावणीतलं हंबरणं मला नीट ऐकू आलं. म्हणजे शेपर बंद होता. लेथच्या खाली कुणीतरी माती टाकली होती, ताजी, खोऱ्यानं ओढून. शेपर चालवणारा भाऊ भिंतीला टेकून खाली बसला होता.

"जीपनं माजलगावला नेलंय," तो म्हणाला. "उजव्या हाताची तीन बोटं गेली."

मी त्या मातीकडं बघितलं.

"काम सपलं हुतं गं. मशीन बंद केलं, हात अर्ध्यावर धरला न् हुबेच ऱ्हायले. दोनदा दाराकडं बगितलं. म्या म्हणलं, कुनाची वाट बगतेत? मंग घातला हात."

"तुमी शेपर बंद कावून केला न्हाई?" मी त्याच्यावर ओरडले. "दोन मिनिटं बंद केला असता तर काय झालं असतं?" बिचाऱ्याला काय माहीत असणार? मला ओरडायला दुसरं कुणी नव्हतं.

चीफ साहेब आले. त्यांनी मला शाफ्ट उतरवून बेअरिंग लावून बघायला सांगितलं. ते बसलं. सैल नाही, घट्ट नाही. लेथच्या पाटावर कॅलिपर तसाच उघडा पडला होता. मी नव्हते, तर उस्तादांनी बोटांना विचारून माप काढलं होतं. माप वाचायला मी त्यांना लागतच नव्हते. एका शब्दापुरती लागत होते, आणि तेवढी मी तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये साहेबांनी तोच प्रश्न परत विचारला. उस्तादांना दिसत होतं का?

"नव्हतं, साहेब."

"मग त्या दिवशी?"

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पंप सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी कॉलनीतल्या नळाचं पाणी बाटलीत भरून दवाखान्यात गेले. उस्ताद खाटेवर बसून होते. उजवा हात पांढऱ्या बँडेजात, मांडीवर ठेवलेला.

"बेअरिंग बसलं?"

"बसलं."

"पानी?"

"आलं. तुमच्यासाठी आनलंय."

"मंग रडतीस कावून?"

"म्या साहेबाला तवाच खरं सांगायला पायजे हुतं, उस्ताद."

त्यांनी बँडेजावरून डाव्या अंगठ्याचं नख फिरवलं.

"तू सांगितलं न्हाईस त्या दिशी," ते म्हणाले, "लई दिसांनी मी पोटभर जेवलतो. मलाबी कळत हुतं की गं. कळूनशान जेवलतो."

मी ग्लासात पाणी ओतलं आणि त्यांच्या पुढं धरलं. त्यांनी डावा हात उचलला, पुढं आणला आणि अर्ध्यावर धरला. सवयीनंच. वॉर्डात डोक्यावरच्या पंख्याशिवाय काही फिरत नव्हतं, तरी हात पुढं येईना. ग्लासातलं पाणी माझ्या बोटांवर सांडत होतं.

"थांबलं, उस्ताद," मी म्हणाले.

मग त्यांनी ग्लास घेतला.