पाणबुड्याचा मंत्र

आमच्या गावात कोणाला काही चावलं की लोक विचारायचे, "कुठं?" माझा धाकटा दीर विचारायचा, "कशानं?" उत्तर आलं नाही तर तो जागचा हलायचा नाही. समोरचा माणूस गडाबडा लोळत असला तरी हा शांतपणे म्हणायचा, "आधी बघा, मंग बोंबला." त्यामुळे गावात त्याला दगडाच्या काळजाचा समजायचे. पाणबुड्या हे नाव मात्र त्याला धंद्यावरून पडलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो शेंबडा होता. भातसाच्या धरणात पोहून पोहून त्याचा दम एवढा वाढला की धरणाच्या दारांच्या कामाला आलेल्या एका कंत्राटदारानं त्याच्या पाठीला हवेची टाकी बांधून त्याला खाली सोडला. पुढे तोच कंत्राटदार त्याला मालवणकडे घेऊन गेला. तिथं शहरातली माणसं हौसेनं टाकी बांधून समुद्राच्या तळाशी मासे बघायला जातात, त्यांना हात धरून न्यायचं, हे याचं काम. पैसे देऊन बुडायचं आणि पुन्हा वर काढून घ्यायचं, असाही धंदा असतो हे मला तेव्हा कळलं.

पावसाळ्यात समुद्र बंद. मग हा लावणीला घरी यायचा. एका वर्षी त्यानं प्लास्टिकमध्ये घातलेला मोठा तक्ता आणला. त्यावर समुद्रातल्या चावऱ्या, डंख मारणाऱ्या जिवांची चित्रं होती. तो त्यानं पडवीत कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला आणि मी भांडी घासत असताना माझी परीक्षा घ्यायला लागला. मी चौथी शिकलेले. परीक्षा सुटली म्हणून खूश होते, तर ही नवीन.

"वयनी, ह्याला काय?" चित्रात पाकट मासा असायचा, शेपटीला काटा असलेला.

"गरम पाणी. सोसवेल तितकं गरम. तासभर."

"आणि ही जेलीफिश?"

"चोळायचं नाय. गोडं पाणी नाय. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं."

नवरीसारखा नटलेला एक मासा होता, त्याच्या पाठीवरच्या काट्यांनाही गरम पाणीच. मी समुद्र तेव्हा पाहिला नव्हता, अजूनही पाहिलेला नाही. पण जेलीफिशची दोरी अंगाला चिकटली तर काय करावं हे मला शहापूर तालुक्यातल्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त कळत होतं. त्याचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "पाण्याखाली बोंबलता येत नाय, वयनी. म्हणून माणूस बघायला शिकतो. डंखानं मरत नाय कोण. घाबरून दम कोंडतो, झपकन वर येतो आणि छाती फुटून मरतो."

माझे सासरे विंचू उतरवायचे. पाच गावांतून माणसं यायची. मरताना त्यांच्या मनात होतं की धाकट्यानं ग्रहणाच्या वेळी नदीत उभं राहून मंत्र घ्यावा. ग्रहण लागलं तेव्हा धाकटा पाण्यातच उभा होता, पण मालवणच्या. मंत्र सासऱ्यांबरोबर गेला. पाणबुड्याला त्याचं काही वाटलं नाही. "विंचू आपसूक उतरायचा," तो म्हणायचा. "बाबा नुसते सोबत बसायचे. आणि ज्याचा नाय उतरला त्याचं नाव कोण काढतं?"

आता माझी गोष्ट. लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात रोप खोचताना माझ्या तळहाताला असं काही लागलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळ्या परीक्षा पास झालेली मी काय ओरडले? "साप." बायका धावल्या, कोणी लुगड्याची चिंधी फाडून दंड करकचून बांधला, कोणी रडायला लागली. पाणबुड्या बांधावरून आला. त्यानं आधी चिंधी सोडली.

"कशानं?"

"सापानं."

"पाहिलास?"

"नाय."

त्यानं माझा हात धुतला, एकच भोक बघितलं आणि मला तशीच सोडून चिखल चाचपायला लागला. माझा जीव जात होता आणि हा मासे शोधत होता. शेवटी फडक्यात धरून त्यानं चिखलात राहणारा काळा मिशाळ मासा, शिंगटी, वर काढली. तिच्या कानाशी विषारी काटे असतात. "हा तुझा साप," म्हणाला. घरी नेऊन त्यानं मला घमेल्यातल्या गरम पाण्यात दोन्ही हात घालायला लावले, कारण दुखऱ्या हाताला किती भाजतं ते कळत नाही, चांगल्याला कळतं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तो ओठांत मोजत बसला. तासाभरात कळ गेली.

बायका दारात उभ्या होत्या. त्यांना घड्याळ दिसलं नाही, ओठ दिसले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बापाचा मंत्र मुलाला आहे आणि तो पाण्यात उतरवतो. मला विचारलं तेव्हा मी गप्प बसले. मंत्रवाल्याची वहिनी म्हणून पाणवठ्यावर मला आधी हंडा भरू देत होते, ते मला आवडलं. पडवीतल्या तक्त्यावरच्या त्या नटव्या माशाला कोणीतरी हळदकुंकू लावून गेलं. पाणबुड्यानं ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या गप्प बसण्याची फळं आली. शेजारचा गोमा बांधावर गवत कापत होता, त्याच्या पायाला चावलं. त्याची बायको त्याला खांद्याचा आधार देत थेट आमच्या पडवीत घेऊन आली आणि मला म्हणाली, पाणी ठेव.

पाणबुड्यानं विचारलं, "कशानं?"

"घोणस," गोमा म्हणाला. "तू सांगतोस ना आधी बघा. पाहिली मी. चांगली हातभर."

पाय डोळ्यांदेखत सुजत होता. पाणबुड्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "ह्याला गरम पाणी चालत नाय. दोरी नाय, पाला नाय. जीप बोलवा, शहापूरला न्या."

गोमाची बायको भुईवर बसली. "मंत्र घातल्याबिगर उठणार नाय. वयनीला दिलात, आमी काय परके?"

तेव्हा मी तोंड उघडलं. मंत्र नव्हता गो, तो आकडे मोजत होता, असं सांगितलं. ती म्हणाली, "तुझा हात बरा झाला, आता लपवतेस." वर्षभर गप्प बसलेल्या बाईचं एका दिवसात कोण ऐकणार. गोमा मेला असता तर घोणशीइतकीच मी त्याला जबाबदार होते.

पाणबुड्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं. मग तो गोमाशेजारी बसला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. "घातला," म्हणाला. "पण बाबांचा मंत्र वाहतं पाणी ओलांडल्यावरच धरतो. शहापूरच्या वाटेत सापगावचा पूल लागेल. पाय अजिबात हलवायचा नाय, हलला की तुटला. सरकारी दवाखान्याच्या दारातून आत गेलास की पुरा होईल. तिथं सुई टोचतील, टोचू दे. मंत्राला सुई चालते."

गोमाची बायको अशी उठली की जीपवाल्याला चप्पल घालायला वेळ मिळाला नाही. पायाला फळी बांधून पाणबुड्या बरोबर गेला.

गोमा आठवड्याभरानं चालत आला. म्हशाच्या जत्रेत त्यानं ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून मंत्राची थोरवी सांगितली. सुईचं नाव घेतलं नाही.

पाणबुड्या माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "बापाचा धंदा टाळायला मी समुद्रात बुडलो. तू घरबसल्या गळ्यात घातलास."

मी म्हटलं, "भावजी, तुमी आठ महिने तिकडं. तेव्हा कोण आलं तर?"

"तू घाल."

"मला मंत्र येत नाय."

"मला तरी कुठं येतो? चौथीपर्यंतचे पाढे येतात ना?"

असा मला मंत्र मिळाला. ना ग्रहण, ना नदी. भांडी घासता घासता.

नंतर तो चार पावसाळे आला. पाचव्याला मालवणहून निरोप आला. पाकट नाही, जेलीफिश नाही, कुठलाही काटा नाही. दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. "कशानं?" असं विचारणारा तोच एक होता, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

तक्ता अजून पडवीत आहे. माशांचे रंग उडाले, कुंकू तेवढं ताजं असतं. लोक अजून येतात. मी आधी कशानं ते विचारते. शिंगटी असली तर पाणी तापवते. साप किंवा विंचू असला तर डोक्यावर हात ठेवून सांगते, पूल ओलांडल्यावर धरेल, आणि ओठांत तेराचा पाढा सुरू करते. तेर दाहे तीसासेपर्यंत अजून एकदाही जावं लागलं नाही. तेर पंचे पासष्टलाच जीप चालू झालेली असते.