बोराएवढा तुकडा

“थांब आई, यावर हामोत्सी म्हणू नको.”

“का? पोळी न्हाई का ही?”

“होती. आता कुटके हायत.”

दवाखान्यातली रात्रपाळी करून आलेल्या सिपोरा सिस्टरांचा हात वाटीवर तसाच राहिला. पोटऱ्यांत गोळे आले होते, आणि इस्रायलमधल्या अश्दोदहून चार वर्षांनी आलेली लेक याफा त्यांना शिळ्या पोळीचं शास्त्र शिकवून राहिली होती. हामोत्सी ही पोळी-पावावरची प्रार्थना. पण पोळी कुस्करून फोडणीच्या पाण्यात शिजवली आणि तुकडा जैतुनाच्या फळाहून लहान असला, तर तिच्यावर शिऱ्या-केकवरची मेझोनोत म्हणायची, असं याफाचं म्हणणं. चुकीची म्हटली, तर देवाचं नाव फुकट घेतलं.

फुकट हा शब्द सिस्टरांना लागला. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. हनोखनी शेवटचा घास हामोत्सी म्हणूनच घेतला, एवढ्या एका गोष्टीवर त्या आजवर निभावून नेत होत्या. याफा तर मातीलाही पोचली नव्हती.

नांदेडात बेने इस्राएल ज्यूंचं हे एकच घर. नागावहून लग्न होऊन आल्या तेव्हा विचारायला दुसरं कोणी नव्हतं. रेल्वेत पॉइंट्समन असलेले हनोख सांगतील ते शास्त्र. शेजारच्या रईसाभाभी हसायच्या. आमचं बरं, म्हणायच्या, एका बिस्मिल्लात बिर्याणीपासून बिस्किटापर्यंत सगळं निघतं.

“तुझ्या बापानं जन्मभर कुटक्यांवर हामोत्सीच म्हटली,” सिस्टर म्हणाल्या. “समदी फुकट गेली म्हण की.”

“बाबांची कशी जाईल? ते बोराएवढे तुकडे करायचे.”

ते खरं होतं. जैतून इथं फक्त तेलाच्या बाटलीवर दिसायचं, म्हणून हनोखनी माप बोराचं धरलं. सिस्टरांनी घाईत चुरा केला की ते कुरकुरायचे, पोळीला पोळी राहू दे गं, मला तिच्यावर नाव घ्यायचंय.

“उलट बोर जरा मोठंच पडतं,” याफा हसली. “बाबा पक्के होते.”

सिस्टर हसल्या नाहीत. शेवटच्या सकाळी हनोखना पाणीसुद्धा नीट गिळवत नव्हतं. सिस्टरांनी दीड पोळी वरणात शिजवून रव्यासारखी घोटली होती. एकही तुकडा शिल्लक ठेवला नव्हता. हनोखनी डोळे मिटले, एकेका शब्दाला दम घेत हामोत्सी पुरी केली आणि तीन चमचे खाल्ले.

“शेवटी शेवटी त्यांना कसं देत होतीस गं?” याफानं विचारलं. “तुकडे राहायचे ना?”

कुटक्यांवरची वाफ विरली होती. सिस्टरांनी कुठलीच प्रार्थना न म्हणता वाटीवर ताटली झाकली, नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायांत सरकवल्या आणि त्या बाहेर पडल्या.